क्षेत्रफळावर सही करण्याआधी आकार तपासा

कोपरीतल्या सोसायट्यांचे अध्यक्ष आणि सचिव, चाळींचे पंच, घराची कागदपत्रं सांभाळणारी कुटुंबं, सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. तुमच्या जागेचा डिजिटल नकाशा कुणी समोर ठेवला, तर क्षेत्रफळाच्या आकड्यावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला: हा आकार सॉफ्टवेअरच्या तपासणीत वैध ठरला का? दुसरा: वैध नसेल, तर तो कुणी आणि कशाच्या आधारावर दुरुस्त केला? दोन्हींची उत्तरं लेखी घ्या.

ही विनंती आजच करण्याला कारण आहे. ठाणे पूर्वेचा हा भाग पुन्हा बांधला जाण्याच्या वाटेवर आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथे आली, कोपरी कॉलनी वसली, पुढच्या दशकांत इमारतींना इमारती लागल्या. त्यांतल्या कितीतरी आता थकल्या आहेत. कुणी क्लस्टर पुनर्विकासाकडे डोळे लावून बसलंय, कुणी स्वयंपुनर्विकासाची चौकशी करतंय, कुणी अजून मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सच्या फाइलमागे आहे. वाट कोणतीही धरा, पहिला प्रश्न तोच येतो: तुमची जागा किती, आणि कुठून कुठपर्यंत?

या प्रश्नाचं उत्तर आता कागदाइतकंच संगणकातून येतं. भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या आधारे जागा टिपणारं यंत्र, घेऊन येतो आणि प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश टिपतो. आर्किटेक्ट ते बिंदू जोडून आकृती काढतो, सल्लागार कंपनी ती आकृती शहराच्या नकाशावर बसवते. बांधकाम परवानगीची सॉफ्टवेअर प्लॉटची रेषा बंद आकृती असल्याखेरीज क्षेत्र मोजतच नाहीत. या साखळीत एखादी आकृती बिघडली, तर बिघाड पुढच्या प्रत्येक कागदात उतरतो.

त्याची किंमत काय, ते नियमावलीतच आहे. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत क्षेत्रफळाचा एक तक्ता भरावा लागतो. त्यात प्लॉटचं क्षेत्र तीन आधारांवर मांडायचं असतं: मालकीच्या कागदावरून, मोजणी नकाशावरून आणि प्रत्यक्ष जागेवरून. तिन्हींपैकी जे सर्वात कमी, तेच धरलं जातं. म्हणजे दोन आकडे बरोबर असले आणि तिसरा आकृतीतल्या बिघाडामुळे शंभर चौरस मीटरने कमी आला, तरी हिशेब कमी आकड्यावरच होतो. एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, 2 धरला, तर ते दोनशे चौरस मीटर बांधकाम झालं. पन्नास चौरस मीटरची चार घरं.

आकार बिघडतो म्हणजे काय होतं

ठिपक्यांची रांगोळी काढताना सगळे ठिपके बिनचूक पडले, पण ते भलत्याच क्रमाने जोडले, तर कमळ उमटत नाही. प्लॉटचंही तसंच आहे. कोपऱ्यांचे बिंदू अचूक असणं पुरेसं नाही; ते हद्दीवरून चालत गेल्याच्या क्रमाने जोडलेले असावे लागतात.

एक सोपा प्लॉट घेऊ. लांबी 40 मीटर, रुंदी 25 मीटर, क्षेत्र 1000 चौरस मीटर, म्हणजे 10,764 चौरस फूट, दहा गुंठ्यांहून थोडं कमी. चार कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावं देऊ. अ-ब-क-ड-अ असं जोडलं, तर आयत होतो. यादीत क आणि ड यांची अदलाबदल झाली, तर अ-ब-ड-क-अ अशी रेषा फिरते आणि मध्यभागी स्वतःलाच छेदते. आयताच्या जागी टोकाला टोक लागलेले दोन त्रिकोण तयार होतात. चारही बिंदू जागच्या जागी आहेत, तरी आकृती खोटी आहे.

आता संगणकाला क्षेत्रफळ विचारा. नेहमीच्या सूत्राने उत्तर येतं शून्य. हे सूत्र हद्दीवरून फिरण्याची दिशा पाहतं. एका दिशेने फिरलेलं क्षेत्र अधिक धरतं, उलट दिशेने फिरलेलं वजा. इथे एक त्रिकोण 250 चौरस मीटर अधिक आणि दुसरा 250 वजा, म्हणून दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

शून्य आलं तर कुणाच्याही लक्षात येईल. पण आपल्या जागा चार कोपऱ्यांच्या कुठे असतात? रस्त्याला तिरकी गेलेली कंपाउंड वॉल, शेजारच्या इमारतीसाठी सोडलेला बोळ, गटाराच्या कडेने वळलेली हद्द. असे पंधरा-वीस कोपरे असले आणि एका टोकाला दोन बिंदूंची अदलाबदल झाली, तर तिथे एक बारीक गाठ पडते. क्षेत्र चार-सहा चौरस मीटरने चुकतं. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून कुणी हटकत नाही. काळजी करावी ती या बारीक गाठींची.

आणखी काही दोष ओळखीचे करून घ्या. आकृतीचा शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूवर यायला हवा; आला नाही तर हद्द उघडी राहते. प्लॉटच्या पोटात दुसऱ्याच्या मालकीचा तुकडा असेल, जुनी विहीर किंवा विजेच्या सबस्टेशनला दिलेली जागा, तर तो आकृतीत भोक म्हणून दाखवतात. हे भोक बाहेरच्या हद्दीच्या पूर्ण आत असावं लागतं. हद्दीला फार तर एखाद्या बिंदूवर टेकलं तर चालतं. ते हद्द ओलांडून बाहेर गेलं, तर आकृती अवैध ठरते. भूगोलाच्या सॉफ्टवेअरसाठी मानकं ठरवणाऱ्या ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियमने हे नियम घालून दिलेत आणि ते आयएसओ 19125 या मानकातही आहेत. सरकारी असो वा खासगी, बहुतेक सॉफ्टवेअर याच नियमांवर आकृती तपासतात.

जागा दोन तुकड्यांत असणं हा मात्र दोष नाही. चेंदणी कोळीवाडा रुळांच्या पूर्वेलाही आहे आणि पश्चिमेलाही. त्याची हद्द एकाच सलग आकृतीत कोंबण्याचा हट्ट धरला, तर रेल्वेची जागा त्यात ओढली जाईल. अशा वस्तीसाठी बहुखंडी आकृती असते. तुकडे वेगळे, नोंद एक. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घरं एकीकडे, मासळी सुकवायची जागा दुसरीकडे आणि होड्या लावायची जागा तिसरीकडे असेल, तर तिन्ही तुकडे नोंदीत आलेत का, हे मोजून पाहा. एक तुकडा गळला तरी उरलेली आकृती सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पूर्ण वैधच दिसते.

शेजाऱ्याची हद्दही पाहा

तुमची आकृती एकटी पाहिली तर निर्दोष असेल, शेजारच्या सोसायटीचीही असेल, तरी दोन्ही एका नकाशावर ठेवल्या की मध्ये फट पडू शकते किंवा एकीचा काठ दुसरीवर चढू शकतो. दोघांच्या मोजण्या वेगळ्या वर्षी आणि वेगळ्या साधनांनी झालेल्या असतात. जुना कागदी नकाशा स्कॅन करून त्यावरून रेषा काढली असेल, तर पेन्सिलीच्या रेषेची जाडीही मोजावी लागते. 1:500 प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 25 सेंटिमीटर. 1:5000 च्या नकाशावर तोच अर्धा मिलिमीटर अडीच मीटर होतो.

क्लस्टरसारख्या योजनेत अनेक इमारतींच्या जागा एकत्र करून हिशेब होतो, तिथे या फटी-चढांना फार महत्त्व आहे. फटीतली जमीन कुणाच्याच खात्यावर येत नाही. चढलेली पट्टी दोघांच्या खात्यावर येते आणि पुढे भांडण लावते. गावांच्या सीमांनाही हे लागू आहे. कल्याण-डोंबिवलीतली 27 गावं 2002 साली महापालिकेबाहेर गेली आणि 2015 साली पुन्हा आत आली. प्रत्येक फेरबदलाला हद्दीची रेषा नव्याने आखावी लागते. महापालिकेची रेषा आणि गावाची रेषा वेगवेगळी काढली, तर मधली घरं नकाशावर दोन्हीकडे दिसतात, किंवा कुठेच दिसत नाहीत. सामाईक हद्द एकदाच काढावी आणि दोघांनी तीच वापरावी, हा यावरचा खरा उपाय.

कोपरीला आणखी एक शेजारी आहे, तो म्हणजे खाडी. मिठबंदर रोडच्या टोकाला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात कांदळवनांना संरक्षण दिलं आणि त्यांच्याभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यात आहे. हा पट्टा संगणकात कांदळवनाच्या आकृतीवरूनच आखला जातो. ती आकृती बिघडलेली असेल, तर पट्टा चुकीच्या जागी पडतो किंवा आखलाच जात नाही. यात रहिवाशांचं नुकसान आहे आणि खाडीचंही. ठाणे खाडीला 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. तिच्या काठची रेषा अंदाजाने ओढून चालणार नाही.

दुरुस्तीचं बटण काय करतं

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. सॉफ्टवेअरमध्ये आकृती दुरुस्त करायची तयार सोय असते. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फिक्स जॉमेट्रीज’ आहे, पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये ‘मेक व्हॅलिड’ आहे. दोन्ही उपयोगी आहेत. पण ती आकृती नियमात बसवतात. जमिनीवर काय आहे, हे त्यांना ठाऊक नसतं.

मघाचाच प्लॉट घ्या. गाठ पडलेल्या त्या आकृतीवर दुरुस्तीचं बटण दाबलं, तर सॉफ्टवेअर छेदाच्या जागी नवा बिंदू घालतं आणि दोन त्रिकोणांची बहुखंडी आकृती देतं. क्षेत्र 500 चौरस मीटर. काही जण ‘बफर शून्य’ नावाची जुनी युक्ती वापरतात. तिच्यात एक त्रिकोण गळून पडतो आणि 250 उरतात. मूळ बिघडलेल्या आकृतीचं क्षेत्र होतं शून्य. बिंदू तेच, उत्तरं तीन, आणि एकही खरं नाही. खरं क्षेत्र 1000 आहे. ते मिळवायचा मार्ग एकच: क आणि ड यांचा क्रम मोजणीच्या मूळ नोंदीवरून सरळ करायचा. दुरुस्तीनंतर आकृती वैध झाली खरी, पण अर्धी जमीन गेली.

दुसरं उदाहरण पाहा. एका सोसायटीच्या जागेचे दोन तुकडे आहेत, 600 आणि 400 चौरस मीटरचे. आखणीतल्या चुकीने ते 30 चौरस मीटरपुरते एकमेकांवर चढले. दुरुस्तीच्या दोन पद्धती आहेत. ‘लाइनवर्क’ पद्धत सगळ्या रेषा जपते आणि दोनदा झाकलेल्या भागाचं भोक करते. क्षेत्र येतं 940. ‘स्ट्रक्चर’ पद्धत तुकडे एकत्र करते. क्षेत्र येतं 970. दोन्ही आकृत्या वैध. कोणती पद्धत निवडली हे अहवालात लिहिलेलं नसेल, तर 30 चौरस मीटर कुठे गेले, हे कुणालाही सांगता येणार नाही.

याहून घातक गोष्ट म्हणजे वगळणं. क्यूजीआयएसमध्ये अवैध आकृती आढळली की काम थांबवायचं, की ती आकृती सोडून पुढे जायचं, हे निवडता येतं. सुरुवातीला ‘थांबा’ हाच पर्याय असतो. घाईत कुणी ‘सोडून द्या’ निवडलं, तर तुमची सोसायटी त्या हिशेबातून निघून जाते. अंतिम यादीत तिचं नाव नसतं आणि नसण्याचं कारण समोर दिसत नाही. म्हणून कोणत्याही यादीत आपलं नाव नसेल, तर ‘पात्र नाही’ असं ऐकून परत येऊ नका. ‘आमची आकृती गणनेत धरली होती का?’ असं विचारा.

आता काय करायचं

आधी कागद गोळा करा. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, जे लागू असेल ते; मोजणी नकाशाची क प्रत; खरेदीखत; मंजूर बांधकाम नकाशा. प्रत्येकावरचं क्षेत्र एका वहीत समोरासमोर लिहा. एकक पाहून लिहा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट किंवा 101.17 चौरस मीटर, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आर मात्र शंभर चौरस मीटरचा असतो. आर आणि गुंठा एकच समजून लिहिलं, की शेकडा एकाहून जास्त फरक पडतो.

मग आकृतीची फाइल मागा. छापील नकाशा किंवा पीडीएफ पुरत नाही. कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांची क्रमवार यादी हातात असली पाहिजे. ती यादी घेऊन दोन-चार जणांनी प्लॉटच्या हद्दीवरून चालत जावं. एक, दोन, तीन म्हणत प्रत्येक कोपरा यादीशी जुळवावा. क्रमाची चूक यातच सापडते आणि त्यासाठी संगणक लागत नाही. सोसायटीतल्या ज्येष्ठांना सोबत घ्या. जुना दगड कुठे होता, भिंत कधी सरकली, हे त्यांनाच माहीत असतं.

यादीतले आकडेही पाहा. कोपरीचा अक्षांश साधारण 19.2 आणि रेखांश साधारण 73 आहे. त्यांची अदलाबदल झाली, तर तुमचा प्लॉट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत, तेही मोजा. तीनच असतील तर चूक शंभर मीटरच्या घरात जाऊ शकते. सहा असतील तर ती सेंटिमीटरांत येते. फाइल या हातातून त्या हातात जाताना अंक कापले गेले, की जवळचे दोन कोपरे एकाच बिंदूवर येतात आणि नसलेली गाठ पडते. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा.

संस्थेतल्या किंवा शेजारच्या मुलामुलींना या कामात घ्या. क्यूजीआयएस मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यांना माझं सांगणं असं: आकृती उघडलीत की आधी ‘चेक व्हॅलिडिटी’ चालवा. ते वैध आकृत्या, अवैध आकृत्या आणि चुकीच्या जागांचे बिंदू वेगळे करून देतं. प्रत्येक बिंदूवर जाऊन पाहा, चूक कशाची आहे ते समजून घ्या आणि जमेल तिथे हाताने दुरुस्त करा. शेजारच्या प्लॉटसोबत ‘टोपॉलॉजी चेकर’ चालवून फटी आणि चढ शोधा. नव्या रेषा काढताना स्नॅपिंग चालू ठेवा, म्हणजे सामाईक कोपरा खरोखर सामाईक होतो. क्षेत्रफळ अंशांत मोजू नका. ठाण्यासाठी मीटरमध्ये मोजणारी यूटीएम झोन 43 ही पद्धत घ्या. आणि दुरुस्तीआधीचं व नंतरचं क्षेत्र दोन्ही लिहून ठेवा. दोन्हींत फरक आला, तर त्याचं कारण सापडेपर्यंत काम संपलं असं समजू नका. मात्र शेजाऱ्याच्या हद्दीची रेषा आपल्या सोयीने सरकवू नका. ते ठरवण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि सॉफ्टवेअरलाही नाही.

चूक जमिनीवरच्या मोजणीतलीच निघाली, तर रस्ता भूमि अभिलेख कार्यालयाचा आहे. हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करा. झालेली मोजणी मान्य नसेल, तर निमताना मोजणी मागता येते. ती वरचा अधिकारी करतो. महसुली नोंदीतला निव्वळ लेखनप्रमाद असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 मध्ये दुरुस्तीची तरतूद आहे. अर्जासोबत तुमची वही, कोपऱ्यांची यादी आणि चुकीच्या जागेचं चित्र जोडा. मोघम तक्रारीपेक्षा ‘सातव्या आणि आठव्या बिंदूंचा क्रम उलटा आहे’ हे एक वाक्य जास्त काम करतं.

आर्किटेक्ट, सल्लागार आणि नकाशे करणाऱ्या सगळ्यांनाही विनंती आहे. दुरुस्ती केलीत तर लिहून द्या. कोणती आकृती अवैध होती, दोष कोणता, कोणत्या पद्धतीने दुरुस्त केला, आधीचं क्षेत्र किती, नंतरचं किती, तारीख कोणती. हे अर्ध्या पानाचं काम आहे. ते केलं नाही, तर ज्याचं घर त्या जागेवर आहे, त्याला आपल्या नुकसानीचं कारणसुद्धा कळत नाही.

सहकारी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत एक विषय घाला: ‘संस्थेच्या जागेच्या डिजिटल आकृतीची तपासणी’. त्यासाठी तिघांची समिती नेमा, तिला मूळ फाइल, कोपऱ्यांची यादी आणि क्षेत्रफळांची वही तयार करायला सांगा, आणि त्या तिन्ही गोष्टी संस्थेच्या दप्तरात कायम ठेवण्याचा ठराव करा. विकासक येवो, क्लस्टर येवो किंवा तुम्ही स्वतः बांधायला घ्या, ही तपासणी त्याआधी झालेली असू द्या. करार झाल्यावर आकृतीतली चूक सापडली, तर ती दुरुस्त करायला समोरच्याची संमती लागेल. आज ती दुरुस्ती फक्त तुमच्या हातात आहे.